बॅटरीवरची घंटागाडी : शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि आपली निविदा

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण वाचा, कारण पैसा आपल्या घरपट्टीतला आहे.

परवा आपल्या नगरपरिषदेच्या सभेत घंटागाड्यांचा विषय निघाला. जुन्या डिझेल गाड्या खिळखिळ्या झाल्यात, नव्या घ्यायच्यात आणि या वेळी त्या बॅटरीवरच्या घ्याव्यात असा प्रस्ताव आहे. दोन भाषणं झाली. एक सदस्य म्हणाले, हे कालपरवाचं फॅड आहे, मोठ्या शहरांना आधी ठेच लागू द्या, मग आपण शहाणे होऊ. दुसरे म्हणाले, जमाना इलेक्ट्रिकचा आहे, डोळे झाकून घ्या, डिझेलचं बिलच संपलं. दोघांनाही बाकं वाजवून दाद मिळाली. विषय पुढच्या सभेवर गेला.

माझं म्हणणं असं की दोघांचाही पाया कच्चा आहे. बॅटरीवरची मालवाहू गाडी कालपरवाची नाही. ती डिझेल ट्रकपेक्षा जुनी आहे. बॅटरीवर कचरा उचलण्याचं काम तर इंग्लंडमधल्या महापालिकांनी आपले आजोबा लहान असताना केलंय. ती गाडी एकदा आली, चांगली चालली, आणि तरी हरली. का हरली, हे कळलं तर आपल्या निविदेत काय लिहायचं तेही कळेल. म्हणून हा इतिहास.

सुरुवात घोड्यापासून करावी लागते. 1900 च्या आसपास न्यूयॉर्कसारख्या शहरात लाखाच्या वर घोडे होते. दूध, बर्फ, कोळसा, बिअर, पार्सल, कचरा, सगळं घोडागाडीवर. आणि त्या घोड्यांची लीद हाच शहराचा एक मोठा कचरा. 1895 साली जॉर्ज वेअरिंग नावाचा माजी कर्नल तिथल्या रस्तेसफाई खात्याचा प्रमुख झाला. त्यानं सफाई कामगारांना पांढरे शुभ्र गणवेश दिले आणि घरोघरी राख, ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा नियम काढला. ही 1896 ची गोष्ट आहे बरं का. आपल्याकडे हिरवा डबा आणि निळा डबा यावर अजून भांडणं चालू आहेत.

तर घोड्याला पर्याय हवा होता. त्या वेळी मोटारीचे तीन प्रकार शर्यतीत होते: वाफेवरची, विजेवरची आणि पेट्रोलची. 1900 साली अमेरिकेत 4,192 मोटारी तयार झाल्या. त्यात 1,681 वाफेच्या, 1,575 विजेच्या आणि पेट्रोलच्या फक्त 936. म्हणजे पेट्रोलची गाडी तिसऱ्या नंबरावर होती. तिला पुढून हँडल मारावं लागायचं, ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं, आवाज आणि धूर वेगळाच. विजेची गाडी खटका दाबला की निघायची.

श्रीमंतांच्या हौसेच्या मोटारी बाजूला ठेवू. आपला विषय कामाच्या गाड्यांचा आहे आणि खरी मजा तिथेच आहे. दुकानाचा माल घरोघरी पोचवणारी गाडी दिवसभर काय करते? थोडं चालते, थांबते, माल उतरवते, परत थोडं चालते. रात्री ठरलेल्या जागी परत येते. वेग लागत नाही, लांबचा पल्ला लागत नाही. थांबलेली असताना विजेची गाडी काहीच खात नाही. पेट्रोलची उभी राहूनही पिते. (घोडा तर रविवारी सुट्टी असली तरी खातो, हा हिशेबही तेव्हा मांडला जायचा.) म्हणून शिकागो, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियातल्या मोठ्या दुकानांनी, एक्स्प्रेस पार्सल कंपन्यांनी, बेकऱ्यांनी विजेचे ट्रक घेतले. फिलाडेल्फियातल्या कर्टिस पब्लिशिंग कंपनीनं, म्हणजे ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ छापणाऱ्यांनी, 1912 च्या सुमारास कागदाचे रीळ आणि छापलेले गठ्ठे वाहायला विजेचे ट्रक घेतले. ते 1960 च्या दशकापर्यंत रस्त्यावर होते. एक ट्रक पन्नास वर्षं! यंत्रात हलणारे भाग कमी, त्यामुळे झीज कमी. बॅटरी बदलत गेली, गाडी तीच राहिली.

हे वाक्य लक्षात ठेवा: गाडी टिकते, बॅटरी झिजते. पुढचं सगळं राजकारण याच वाक्यात आहे.

तेव्हाची बॅटरी शिशाची. जड, नाजूक, आणि नीट सांभाळली नाही तर दोनेक वर्षांत खलास. एडिसननं त्यावर उपाय म्हणून निकेल आणि लोखंडाची बॅटरी काढली. पहिला माल गळका निघाला म्हणून परत घ्यावा लागला, मग 1910 च्या आसपास सुधारलेली बाजारात आली. ती दणकट होती पण महाग. दुकानदारापुढे प्रश्न असा की गाडीची किंमत आधीच घोडागाडीच्या कितीतरी पट, त्यात बॅटरी कधी मरेल याचा भरवसा नाही, मग धोका कोणी घ्यायचा?

याचं सगळ्यात शहाणं उत्तर अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या वीज कंपनीनं दिलं. ट्रकवाल्यानं जनरल व्हेइकल कंपनीचा ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा. बॅटरी वीज कंपनीची. संपली की डेपोत यायचं, रिकामी काढायची, भरलेली बसवायची, निघायचं. ट्रकवाल्यानं महिन्याला ठराविक रक्कम आणि जितके मैल चालेल तितके मैलामागे पैसे द्यायचे. 1910 ते 1924 या काळात या योजनेतल्या गाड्या 60 लाख मैलांपेक्षा जास्त धावल्या. आज आपल्याकडे दुचाकी आणि रिक्षांसाठी ‘बॅटरी स्वॅपिंग’ म्हणून जे नवं म्हणून सांगतात, ते हेच.

यातली खुबी तंत्रज्ञानापेक्षा कराराची आहे. बॅटरी मेली तर नुकसान कोणाचं? वीज कंपनीचं. मग ती बॅटरीची काळजी घेणार का? झक मारत घेणार. तिच्याकडे जाणकार माणसं होती, रात्रीची पडून राहणारी वीज होती, आणि गाडी जितकी पळेल तितका तिचा फायदा होता.

मग हे हरलं कसं? सोपं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: फोर्डची मॉडेल टी 1908 ला आली आणि स्वस्त होत गेली, 1912 ला कॅडिलॅकला सेल्फ-स्टार्टर बसला आणि हँडल गेलं, पेट्रोल मुबलक झालं. खरं आहे, पण अर्धंच. डेव्हिड कर्श आणि खिस मोम या दोन इतिहासकारांनी या विषयाचा कीस काढलाय. त्यांनी मांडलेलं एक कारण मला आपल्या कामाचं वाटतं. जवळच्या फेरीला घोडा, मधल्या फेरीला विजेचा ट्रक आणि लांबच्या फेरीला पेट्रोलचा, अशी विभागणी काही वर्षं खरोखर चालली होती. पण मालकाला तीन प्रकारची वाहनं, तीन प्रकारचे कारागीर, तीन प्रकारचा साठा नको असतो. त्याला एकच गाडी हवी असते जी सगळं करेल. वर्षातले 350 दिवस गाडी वीस मैल चालणार असली तरी उरलेल्या पंधरा दिवसांत कधीतरी साठ मैल जावं लागेल, या भीतीनं तो पेट्रोल घेतो. शिवाय पहिल्या महायुद्धात लष्करानं पेट्रोल ट्रक हजारोंनी वापरले. तेच चालवायला आणि दुरुस्त करायला शिकलेले तरुण गावोगावी परतले. दुरुस्तीचं ज्ञान कोणाच्या हातात आहे, यावर यंत्राचं नशीब ठरतं. आपल्याकडे स्टँडमागे डिझेल इंजिन उघडणारे चार मिस्त्री आहेत. कंट्रोलर उघडणारा एक तरी आहे का?

आता इंग्लंड, कारण कचऱ्याची गोष्ट तिथली. तिथे वीज बहुतेक शहरांत महापालिकेचीच असायची, 1948 ला राष्ट्रीयीकरण होईपर्यंत. वीजघर महापालिकेचं, कचरा खातं महापालिकेचं. रात्री दिवे मालवले की वीजघरं निम्मी रिकामी चालायची. त्या वेळी कचऱ्याच्या गाड्यांच्या बॅटरी भरल्या तर एका खात्याची वाया जाणारी वीज दुसऱ्या खात्याच्या कामी यायची. लंडनच्या शोरडिच भागात तर 1897 साली कचरा जाळून वीज करणारं केंद्रच सुरू झालं. इमारतीवर लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा अर्थ धुळीतून प्रकाश आणि शक्ती. इमारत अजून उभी आहे, सध्या तिथे सर्कस शिकवतात. असो.

बर्मिंगहॅम महापालिकेनं पहिल्या महायुद्धाच्या काळापासून बॅटरीवरच्या कचरागाड्या चालवल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतरही चालूच ठेवल्या. शेफील्डसारख्या इतर शहरांतही त्या होत्या. फ्रान्समध्ये सोव्हेल नावाची कंपनी कित्येक दशकं अशा गाड्या बनवत होती. यामागे पर्यावरणाचं प्रेम नव्हतं, तेव्हा तो शब्द सभेत कोणी उच्चारत नसे. हिशेब होता. कचऱ्याची गाडी दर वीस पावलांवर थांबते. पेट्रोल इंजिनाला त्याचा ताप होतो, क्लच जळतो, गिअर झिजतात. विजेच्या मोटरला काही फरक पडत नाही.

आणि दूधवाले! पहाटे चारला, लोक झोपलेले असताना, काचेच्या बाटल्या घेऊन गल्लीबोळातून जाणारी, आवाज न करणारी छोटी बॅटरीची गाडी. तिला तिथे मिल्क फ्लोट म्हणतात. 1930 च्या दशकापासून ती पसरली. युद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा तिचा भाव आणखी वाढला. 1967 साली तिथल्या इलेक्ट्रिक वाहन संघटनेनं पत्रक काढलं, की ब्रिटनमध्ये बाकीच्या सगळ्या जगात मिळून असतील त्यापेक्षा जास्त बॅटरीची वाहनं आहेत. शोधल्यावर कळलं, जवळपास सगळ्या दुधाच्याच गाड्या! पुढे त्याही गेल्या. पण बॅटरीनं दगा दिला म्हणून गेल्या नाहीत. लोक सुपरमार्केटमधून प्लॅस्टिकच्या कॅनमधलं दूध घेऊ लागले. दारात बाटली येणं बंद झालं, मग गाडीला काम उरलं नाही. 1975 च्या सुमारास तिथलं 90 टक्क्यांहून जास्त दूध काचेच्या बाटलीत यायचं, 2012 पर्यंत ते 4 टक्क्यांवर आलं.

आपल्याकडे या काळात काय चाललं होतं? मुंबईत विजेची ट्राम 7 मे 1907 ला सुरू झाली, त्याआधी 1874 पासून घोड्यांची होती. बेस्ट या नावातली ‘ई’ विजेची आणि तेव्हाची ‘टी’ ट्रामची. मुंबईचा कचरा मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या वाघिणींतून चेंबूरच्या दलदलीकडे जायचा. कुर्ला-चेंबूर लाइन आधी कचऱ्यासाठी आली आणि प्रवासी नंतर बसले, हे आज हार्बर लाइनला लोंबकळणाऱ्यांना सांगितलं तर पटणार नाही. ट्रॉलीबस आली, ट्राम 1964 ला बंद झाली आणि 1971 ला ट्रॉलीबसही गेली. आणि आपल्यासारख्या गावांत कचरा म्हणजे बैलगाडी, हातगाडी, नंतर ट्रॅक्टर-ट्रॉली. घरोघरी गाडी जाण्याचा प्रश्नच नव्हता. कोपऱ्यावर कुंडी आणि कुंडीत जनावरं.

ते बदललं कोर्टामुळे. बंगळूरच्या अलमित्रा पटेल 1996 साली सुप्रीम कोर्टात गेल्या, त्यातून 2000 सालचे घनकचऱ्याचे नियम आले. त्या नियमांत घरोघर कचरा गोळा करायला सांगितलं होतं, ठरलेल्या वेळी, आणि गाडीची घंटा किंवा संगीत वाजवून, तेही आवाजाची मर्यादा न ओलांडता. म्हणजे घंटा कायद्यानं आली. आवाजाची मर्यादाही कायद्यातच आहे, हे सकाळी सहा वाजता भोंगा लावणाऱ्यांनी वाचावं. काही शहरांत घंटागाडी त्याआधीच सुरू झाली होती, नियमांनंतर ती सगळीकडे गेली. मग 2005 मध्ये टाटा एस आली, आपली ‘छोटा हत्ती’, आणि घंटागाडी म्हणजे छोटा हत्ती हे समीकरण पक्कं झालं. 2016 चे नवे नियम आणि स्वच्छ भारतचा पैसा आला तशा गाड्या वाढल्या.

इथे दोन गोष्टी शेजारच्या सांगतो. एक काठमांडूची. तिथे आपल्या लखनौच्या कारखान्यातल्या विक्रम टेंपोंनी धुराचा कहर केला होता. 1993 पासून अमेरिकन मदतीनं तिथे तीनचाकी बॅटरीवर चालवायचे प्रयोग सुरू झाले, नाव ‘सफा टेंपो’, सफा म्हणजे स्वच्छ. 1999 ला सरकारनं खोऱ्यात डिझेल टेंपोवर बंदी घातली आणि सहाशेच्या आसपास सफा टेंपो रस्त्यावर आले. त्यातले कित्येक बायका चालवतात. शिशाच्या बॅटरीचे दोन संच, एक गाडीत, एक चार्जिंगला, दुपारी बदली. हार्टफर्डचीच पद्धत. पण पुढे सरकारनंच पेट्रोल-गॅसच्या मायक्रोबसना करात सवलत दिली आणि सफा टेंपोची वाढ तिथेच थांबली. जे होते ते मात्र वीस-वीस वर्षं चालले, काही आता लिथियमवर आणलेत.

दुसरी गोष्ट तर आपल्याच जिल्ह्यातली, फलटणची. निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी 1990 च्या दशकात सायकलरिक्षा सुधारायचं काम हाती घेतलं. अमेरिकेतून पीएच.डी. करून 1981 ला परत आलेला हा इंजिनिअर, फलटणसारख्या गावात बसून, रिक्षावाल्याच्या पायांवरचा भार कसा कमी होईल याचा विचार करत होता. आधी हलकी सायकलरिक्षा, मग मोटरची मदत असलेली, मग पूर्ण बॅटरीवरची, तिचं नाव ‘एलेक्शा’. 2002 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर लेख आला. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, 2022 ला. दिल्लीत ई-रिक्षांचा पूर यायच्या दहा वर्षं आधी ती फलटणच्या रस्त्यावर फिरली होती. आपल्याला ठाऊक तरी होतं का? मुंबईत महिंद्रानंही 1999 च्या सुमारास ‘बिजली’ नावाची तीनचाकी काढली होती, ती काही वर्षांत बंद पडली.

मग दिल्लीत ई-रिक्षा आल्या, विनापरवाना, विनानियम. 2014 च्या जुलैत हायकोर्टानं बंदी घातली, त्याच वर्षी केंद्रानं नियम केले आणि 2015 ला कायदा बदलला. त्या नियमांत ई-रिक्षाबरोबर ‘ई-कार्ट’ असा मालवाहू प्रकार आहे. वेग जास्तीत जास्त ताशी 25 किलोमीटर, मोटर 2000 वॉटपर्यंत, माल 310 किलो. आणि हीच ई-कार्ट, मागे पत्र्याचे दोन डबे लावून, आपल्या ग्रामपंचायतींच्या गळ्यात घंटागाडी म्हणून पडली.

इथे थोडं थांबतो, कारण हे आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. आपल्या तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीनं (नाव घेत नाही, सरपंच बदललेत) अशा दोन गाड्या घेतल्या. उद्घाटनाला नारळ फुटले, फोटो आपल्याच पेपरात छापून आले. पहिल्या वर्षी उत्तम. दुसऱ्या पावसाळ्यात एकीचा चार्जर गेला. पुरवठादाराचा फोन आधी लागला, मग लागेनासा झाला. गावच्या वायरमननं काहीतरी जुगाड केलं. ओला कचरा, त्यात पावसाचं पाणी, त्यामुळे 310 किलोच्या गाडीत भरले जायचे पाचशे. वेशीजवळच्या चढाला गाडी धापा टाकायची. बॅटरी शिशाची, दीड वर्षात निम्म्यावर आली. नवीन बॅटरीसाठी खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकायचा यावर ग्रामसेवक आणि पंचायत समितीत पत्रव्यवहार झाला. तो संपेपर्यंत दुसरीही गाडी गेली. आज दोन्ही समाजमंदिरामागच्या शेडमध्ये आहेत, टायर बसलेले, एकीत कोंबडी अंडी घालते. आणि कचरा गोळा करणाऱ्या मावशी परत हातगाडी ढकलतायत. ‘ती चालायची तेव्हा बरं होतं हो, पाठ धरत नव्हती,’ असं त्या म्हणाल्या.

यात दोष विजेचा आहे का? फिलाडेल्फियात ट्रक पन्नास वर्षं चालला तो शिशाच्या आणि एडिसनच्या बॅटरीच्याच जमान्यात. इथे घेतली फक्त गाडी. बॅटरीचा वाली कोणी नव्हता.

आता 2026 ची परिस्थिती 1912 पेक्षा वेगळी आहे, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. लिथियम बॅटरीचा जागतिक भाव 2010 ला किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, 2024 ला 115 डॉलरवर आला. छोटा हत्तीचंच बॅटरी रूप 2022 ला जाहीर झालं: 21.3 किलोवॉट-तासाची बॅटरी, कागदावर 154 किलोमीटरचा पल्ला, 600 किलो माल. कागदावरचं निम्मं धरलं तरी आपल्या घंटागाडीची एका दिवसाची फेरी त्यात बसते. आपली गाडी दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर फिरते, डेपोतून निघून कचरा डेपोपर्यंत आणि परत. ‘कधीतरी साठ मैल जावं लागेल’ ही भीती घंटागाडीला नाही, ती पुण्याला जाणार नाहीये. उलट 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी हायवेवर पळावी लागते, गल्लीत थांबत-थांबत चालली की ती तुंबते. म्हणजे आजची डिझेल गाडी घंटागाडीच्या कामाला कालच्यापेक्षा जास्त गैरसोयीची झालीय.

ढोबळ हिशेब करू. समजा गाडी रोज 35 किलोमीटर, डिझेल लिटरला 10 किलोमीटर, लिटर 90 रुपये. रोजचे 315. बॅटरीवर तेवढ्यालाच साधारण 8 युनिट, युनिटला 9 रुपये धरा, 72 रुपये. वर्षात 350 दिवस धरले तर एका गाडीमागे 85 हजारांच्या आसपास वाचतात. आकडे तुम्ही तुमचे घालून बघा, दिशा बदलत नाही. पण हे पैसे वाचतील ते बॅटरी जिवंत असेपर्यंत. आणि आपली निविदा निघते ती एल-वनवर, जो सगळ्यात कमी किमतीत गाडी देईल त्याला. कमी किमतीत गाडी देणारा पैसे कुठे वाचवतो? बॅटरीत. दुसरीकडे कुठे वाचवायला जागाच नाही.

म्हणून सभेत जे बोललं गेलं नाही ते इथे लिहितो. गाडी विकत घ्यायची आणि बॅटरी भाड्यानं, किंवा गाडी-बॅटरी दोन्ही किलोमीटरमागे दरानं घ्यायची, हा पर्याय प्रस्तावात का नाही? शहरांच्या ई-बसचे करार बहुतेक असेच आहेत, बस कंत्राटदाराची, पैसे किलोमीटरमागे. विकतच घ्यायची असेल तर बॅटरीची हमी किती वर्षांची आणि त्या मुदतीअखेर तिच्यात किती टक्के ताकद शिल्लक असली पाहिजे, हे आकड्यात लिहा. ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ असं नको. गाडी बंद पडली तर 24 तासांत दुरुस्ती, नाहीतर बदली गाडी, नाहीतर दंड. चाचणी शोरूमच्या सपाट रस्त्यावर घ्यायची नाही, जुलै महिन्यात, ओल्या कचऱ्यानं भरून, आपल्या कोर्टाजवळच्या चढावर घ्यायची. मेलेली बॅटरी परत कोण नेणार, हे 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे उत्पादकावर आहे, ते करारात येऊ द्या, नाहीतर भंगारवाला आम्ल गटारात ओतून शिसं घेऊन जाईल. चार्जिंगची शेड आधी बांधा, पुराच्या रेषेच्या वर. आपला सध्याचा डेपो ओढ्याकाठी आहे, दोन वर्षांपूर्वी तिथे गुडघाभर पाणी होतं हे सगळ्यांनी पाहिलंय.

आणि एक मुद्दा, ज्यावर एकही सदस्य बोलला नाही. आज गाडी बंद पडली की ठेकेदार त्या दिवसाचा खाडा कोणाच्या नावावर लावतो? ड्रायव्हर आणि मागे लटकणाऱ्या दोघांच्या. गाडी डिझेलची असो की बॅटरीची, यंत्र बिघडल्याची मजुरी माणसाकडून कापायची नाही, ही अट करारात यायला एक ओळ लागते. ड्रायव्हरना गाडी येण्याआधी आठवडाभराचं शिक्षण द्या, आयटीआयमधली दोन पोरं कंपनीकडे पाठवून तयार करा. स्टँडमागच्या मिस्त्रींनाही बोलवा, त्यांचा धंदाही यातच आहे.

प्रस्तावाचा मसुदा आरोग्य विभागात बघायला मिळतो, मी बघून आलोय. नऊ पानं आहेत. बॅटरीबद्दल त्यात अडीच ओळी आहेत, घंटेबद्दल आणि गाडीवरच्या रंगाबद्दल, फोटो कुठे लावायचे याबद्दल दीड पान. पुढची सभा या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे. लेखी सूचना त्याआधी आवक-जावक टेबलावर द्यायच्या, पोच घ्यायला विसरू नका. ज्यांना जमणार नाही त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा, मी एकत्र करून देतो. आपापल्या प्रभागाच्या सदस्यांना टॅग करा.